पार्वतम्माच्या पायातली साखळी

मित्रांनो, मला हात लावू नका, आधी ऐकून घ्या. मी एक जुनी लोखंडी साखळी आहे. अणदूरच्या लोहारानं मला एका मारक्या बैलासाठी घडवलं. बैल मेला तेव्हा वाटलं, चला, आपण सुटलो.

कसलं काय! बैलाच्या मालकानं, महांतप्पानं, मला त्याच्या बहिणीच्या, पार्वतम्माच्या पायात घातलं. तिला न दिसणारी माणसं हाका मारायची आणि ती रानोमाळ पळायची. महांतप्पा वाईट नव्हता हो. रोज तिच्या सोलवटलेल्या पायाला हळद लावायचा आणि पुन्हा कुलूप घालायचा. खुंट्याभोवती फिरून फिरून तिनं जमिनीत गोल चर पाडला. कधी भर दुपारी ती गाढ झोपलेली असायची आणि तरी मी खुळखुळायचे. खरं सांगते, मलाच माझी भीती वाटायची.

शेजारणीनं कळवलं म्हणून धाराशिवहून शुभांगीताई वकील आल्या. मानसिक आरोग्याच्या कायद्यानं माणसाला असं बांधता येत नाही, आजारी माणसाला वकीलही मोफत मिळतो, हे त्यांनी महांतप्पाला समजावलं. मग त्या पार्वतम्माशेजारी मातीत बसल्या.

"पार्वतम्मा, तुम्हाला काय पाहिजे?"

तिनं मला घोट्यावरून जरा खाली सारलं. मग म्हणाली, "असं कुणी इचारलंच न्हाय."

कुलूप निघालं. मला गोठ्यात टाकलं. तरी कितीतरी दिवस ती त्याच चरातून फिरत राहिली, आणि तिच्या प्रत्येक पावलाला मी इकडं गोठ्यात वाजत राहिले.

दवाखान्याला तिनं स्वतः होकार दिला, औषधं सुरू झाली. हळूहळू ती चराबाहेर आली, भाकरी थापू लागली. पण लोकांचं डोकं बघा! ते म्हणाले, साखळीलाच गुण आहे. मला हळदकुंकू वाहू लागले.

परवा बेंबळीहून एक जोडपं नारळ घेऊन आलं. त्यांची लेक आरोही आजारी होती, तिच्यासाठी त्यांना मी हवी होते. भाबडा महांतप्पा मला उचलून निघालासुद्धा. मी जीव तोडून खुळखुळले, पण ऐकतं कोण?

पार्वतम्मा दारात आडवी आली. तिनं साडीचा काठ वर करून घोट्यावरचा काळा वळ दाखवला.

"गुण औषधाचा हाय. हिचा गुण ह्यो."

ते दोघं खाली मान घालून बसले. पार्वतम्मानं शुभांगीताईंना फोन लावला आणि त्या आल्यावर सगळे मिळून बेंबळीला गेले. परतल्यावर तिनं सांगितलं, आरोही माळवदावरच्या खोलीत होती, दुसऱ्याच एका साखळीत.

मित्रांनो, मी एकटी नाही, आम्ही पुष्कळ आहोत. बंद खोलीतून खुळखुळ ऐकू आली, तर भांडी वाजली असतील म्हणून पुढं जाऊ नका. आत माणूस आहे.