तळ्याकाठची सोय

तैयबाने कुलूप दोनदा ओढून पाहिलं, मग दाराला खांदा लावला. पत्र्याचं दार धडधडलं, पण हललं नाही.

"उघडत नाय," ती म्हणाली. "बाहेरून कुलूप हाय."

मागे यूनुस एका हाताने तळ्याचा कठडा धरून उभा होता. गुडघे जवळ घेतलेले, नजर पाण्यावर. त्याची सगळी ताकद आत्ता कुठे लागली आहे, ते तिला त्याच्या ताठलेल्या मानेवरून कळलं.

उन्हं नुकतीच वर आली होती. बागेच्या फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर रखवालदार धर्माजी बसला होता. तैयबा लगबगीने त्याच्याकडे गेली.

"धर्माजी, मुतारीची चावी दे लवकर. यांना जायचं हाय."

"चावी ठेकेदाराकडं, भाभी." धर्माजी अदबीने उठून उभा राहिला. "आन उघडून तरी काय? आत पानीच नाय. वर टाकी बसवलीन, पण पाइप कोनी जोडलाच नाय."

"मग बांधली कशाला?"

धर्माजीने मान खाजवली. हा प्रश्न त्याला आधीही कोणी कोणी विचारला असावा.

"उद्घाटन तर झालाय," तो म्हणाला.

ती वळली तेव्हा कठड्यापाशी कोणी नव्हतं. यूनुस इमारतीला वळसा घालून मागच्या करंजाच्या झाडांकडे गेला होता. तिकडे जायला धड वाट नव्हती. थर्मोकोलच्या बश्या, चिप्सची पाकिटं, बाटल्या, निर्माल्याने फुगलेल्या पिशव्या, कोणाच्या तरी बाळाचे लंगोट असा सगळा पसारा उतारावरून थेट पाण्यापर्यंत घरंगळत गेला होता. बागेत कचऱ्याचे डबे बसवायचे लोखंडी सांगाडे जागोजाग उभे होते. डबे मात्र कधीच नाहीसे झाले होते. शनिवारी संध्याकाळी माणसं येत, खात, आणि सांगाड्याच्या पायाशी सगळं नीट रचून जात. रात्री कुत्री ते मागे ओढून नेत.

यूनुस पाय उचलून टाकत परत आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. खिशातली छोटी बाटली काढून त्याने हातावर पाणी घेतलं.

"चल घरी," तो म्हणाला. "आंघोळ करायला हवी."

कुवेतमध्ये बंदरावर क्रेन चालवण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. दोन पोरींची लग्नं झाली, घर बांधून झालं, आणि तो परत आला तो साखर आणि लघवीचा त्रास बरोबर घेऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालायचं, भरपूर पाणी प्यायचं. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं. घर तळ्यासमोरच्याच गल्लीत होतं. पण आता कळ आली की यूनुसला गल्ली फार लांब वाटायची.

परतताना कोणी त्यांच्याशी बोललं नाही. पलीकडच्या वाटेवर पांढरी टोपी घातलेली एक बाई फोन समोर धरून हळूहळू चालत होती, एवढंच तैयबाला ओझरतं दिसलं.

*

संध्याकाळी शेजारची अनम आली. उंबऱ्यातच घुटमळली, मग तैयबाला स्वयंपाकघरात नेऊन तिने फोन पुढे केला.

तळ्याच्या सफाईसाठी शहरातल्या लोकांनी एक ग्रुप काढला होता. त्यावर आलेला फोटो तिथून कुठल्या कुठल्या ग्रुपांवर गेला होता. करंजाच्या झाडाशी पाठमोरा उभा माणूस, राखाडी सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. चेहरा अर्धा वळलेला होता, तेवढा ओळखायला पुरे होता. मागे शौचालयाची निळी इमारत आणि तिच्यावरची मोठी पाटी स्पष्ट दिसत होती. कुलूप पुढच्या बाजूला होतं. ते फोटोत येणं शक्यच नव्हतं.

खाली लिहिलं होतं, 'सोय दहा पावलांवर असूनही ही परिस्थिती. माणसंच सुधारायला तयार नसतील तर आम्ही किती साफ करायचं?'

लिहिणारीचं नाव मृणाली. गोल चौकटीत तिचा छोटा फोटो होता. पांढरी टोपी, उन्हाने बारीक झालेले डोळे, हसरा चेहरा.

"खाली लोकांनी काय काय लिव्हलंय, ते वाचू नको," अनम म्हणाली. पण तैयबाने तोवर वाचलं होतं. बऱ्याच जणांना सदऱ्यापेक्षा टोपीबद्दलच बोलायचं होतं.

"तू सांग ना, खाला, मी लिव्हते. कुलूप होता म्हणून सांग."

अनमने तिच्या सांगण्याप्रमाणे एक ओळ लिहिली. थोड्या वेळाने कोणीतरी त्याखाली हसणारं तोंड टाकलं. मग बाकीच्या मजकुराच्या ओघात ती ओळ वर सरकत गेली आणि दिसेनाशी झाली.

यूनुसला हे कळू द्यायचं नाही, असं दोघींनी ठरवलं. पण रात्रीच्या, इशाच्या नमाजाहून तो परतला तो चप्पल काढताना जरा जास्त वेळ वाकून राहिला. मशिदीत कोणीतरी, चांगल्या मनानेच, त्याला फोन दाखवला होता.

"बघितलास?" त्याने विचारलं.

"सदरा तुझ्या भावानं दिलेला तो," तो म्हणाला, आणि आत जाऊन दिवा न लावता बसला.

*

दुसऱ्या दिवशी त्याचा गुडघा दुखत होता. नंतर ऊन फार होतं. मग कारणं द्यायचीही गरज उरली नाही. नमाज तो घरीच पढू लागला. श्रीवर्धनला मामेभावाच्या घरी लग्न होतं, तिथे तैयबा एकटी जाऊन आली. लोकांनी विचारलं तर तब्येतीचं सांगितलं. तो पाणी कमी प्यायला लागल्याचं तिला तांब्या पुन्हा भरायची वेळच येईना तेव्हा कळलं. भरलेला तांब्या दुपारपर्यंत तसाच असायचा. बेल वाजली की तो हातातलं वर्तमानपत्र घडी करून आतल्या खोलीत जायचा. जाताना घाई करत नसे. जणू तिकडे जायचंच होतं आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली, असं चालायचा.

तळ्याच्या फाटकाशी कृष्णाबाई पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि काकड्या घेऊन बसायची. ती आगरी होती, पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली, आणि गेलं वर्षभर दिवसातून दोनदा तैयबाच्या घरी मोरीत जाऊन यायची. त्याबद्दल दोघींत कधी बोलणं झालं नव्हतं. जाताना ती एखादी काकडी ओट्यावर ठेवायची.

"तुजा मानूस दिसं नाय गो बागेन?" तिने एकदा विचारलं.

"बरं नाय त्यांना."

कृष्णाबाईकडे तसला फोन नव्हता. तिने मान हलवली आणि पदराने तोंड पुसलं.

तैयबा मात्र फिरायला जात राहिली. डॉक्टरांनी तिला काही चालायला सांगितलं नव्हतं. ती त्या पांढऱ्या टोपीला शोधत होती. काय बोलायचं ते तिने भाकऱ्या थापताना ठरवलं होतं, भांडी घासताना बदललं होतं, पुन्हा ठरवलं होतं. आधी कुलपाचं सांगायचं. मग विचारायचं, तुझ्या घरात म्हातारं कोणी हाय का? एकदा ती बाई दिसलीही, पण चारचौघांत उभी राहून कोणाला तरी कचरा वेगळा कसा करायचा ते समजावत होती. तैयबा जवळ गेली, ओढणी सारखी केली, आणि तशीच पुढे निघून गेली.

*

एका रविवारी सफाईची मोठी मोहीम होती. सकाळपासून लाउडस्पीकर चालू होता. हातमोजे घातलेल्या बाया आणि पुरुष पिशव्या भरत होते. गच्चीवर कपडे वाळत घालताना तैयबाला पाण्याच्या कडेने हलणाऱ्या पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. एवढ्या सगळ्यांत ती कुठली, हे काही कळत नव्हतं. पण काम खरंच चाललं होतं. करंजाखालचा उतार कितीतरी दिवसांनी मातीच्या रंगाचा दिसत होता.

तिने खाली येऊन यूनुसला ते सांगितलं, तोच बेल वाजली. यूनुस वर्तमानपत्राची घडी करेपर्यंत तिने दार उघडलंही होतं.

दारात ती उभी होती. टोपी हातात, कपाळाला केस चिकटलेले, गुडघे जवळ घेतलेले.

"काकू, सॉरी हं, ओळख नाही तरी... फाटकावरच्या त्या कांदेवाल्या मावशींनी पाठवलं. तुम्ही नाही म्हणणार नाही म्हणाल्या." तिला नीट उभं राहवत नव्हतं. "जरा बाथरूम वापरू का?"

भाकऱ्या थापताना ठरवलेलं सगळं तैयबाच्या जिभेवर होतं. पहिलं वाक्य कुलपाचंच होतं. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, आणि तो हात खाली कधी आला ते तिला कळलं नाही.

"सरळ जा," ती म्हणाली. "उजव्या हाताला. पायरी हाय, जपून."

मृणाली जवळजवळ धावत आत गेली. यूनुस खोलीच्या मधोमध उभा होता, अर्धा आतल्या दाराकडे वळलेला. ती त्याच्या बाजूने गेली तेव्हा तो भिंतीला टेकला आणि त्याने तिला वाट दिली.

आत पाण्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. नवराबायको बाहेर एकमेकांकडे न बघता उभे होते. तैयबाला वाटलं, आता याला आत पाठवावं. पण काय सांगून पाठवायचं?

मृणाली बाहेर आली ती तोंड धुऊन, वेगळीच माणूस होऊन.

"थँक्यू हं, काकू. सहा वाजल्यापासून आहोत आम्ही इथे. पाणीसुद्धा प्यायले नव्हते मी, म्हटलं उगाच..." ती हसली. मग तिची नजर यूनुसवर गेली.

तो तिच्यासमोर पेला धरून उभा होता. तांब्यातलं पाणी त्याने केव्हा ओतलं ते तैयबाने पाहिलं नव्हतं.

"आता प्या," तो म्हणाला. "उन्हात पाणी न पिणं चांगलं नाय. आता सोय झालीय."

मृणालीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण त्यातला जीव गेला. तिने त्याच्या डोक्यावरच्या जाळीच्या टोपीकडे पाहिलं, मग तैयबाकडे, मग जमिनीकडे. पेला दोन्ही हातांनी घेतला. एक घोट प्यायली आणि थांबली.

"बसा ना," यूनुस म्हणाला. "तळ्याचं काम चांगलं चाललंय. हिनं गच्चीवरून बघितलं. मागची बाजू पण केलीत म्हणे."

"हो," ती म्हणाली. "मागची बाजू... सगळी केली."

"बरं झाला. तिकडं फार घाण होती."

तिने पेला रिकामा करून खाली ठेवला, टोपी मुठीत चुरगळली. दारापर्यंत तैयबा तिच्याबरोबर गेली. उंबऱ्याबाहेर मृणाली थांबली, आतल्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"काकू, मी समोरून पाहिलंच नव्हतं. कुलूप. मला आजच कळलं, मी स्वतः दार ओढलं तेव्हा."

तैयबाने मान हलवली. तिला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. समोरची बाई तिच्या थोरल्या पोरीच्या वयाची होती आणि तिच्या हातमोज्याला भोक पडलं होतं.

"मी तो काढून टाकते. लगेच काढते. पण तो आता..."

"हां," तैयबा म्हणाली. "तो गेला कुठं कुठं."

मृणाली गल्लीतून तळ्याकडे निघाली. सावकाश, दोनदा थांबत.

तैयबा आत आली. यूनुस खुर्चीत बसला होता आणि स्वतःसाठी पाणी ओतत होता.

"तीच ना ती?" त्याने विचारलं.

"कोन?"

"फोन धरून उभी होती ती. मी वळलो तवा बघितला मी तिला. मला वाटला, कोनाशी बोलतेय."

तैयबा ओट्याला टेकली. इतके दिवस तिने ते नाव त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं.

"तुमाला मालूम होता? मग कायच बोलला का नाय? दारात उभी होती, तवाच बोलायचं."

यूनुसने पाणी पिऊन संपवलं. घाई न करता, पेला पुरता उपडा होईपर्यंत.

"तिला घाईची लागली होती, तैयबा," तो म्हणाला.

बाहेर गल्लीत बायकांचे आवाज आले. दोघी की तिघी असाव्यात. घर हेच की पुढचं, याबद्दल काहीतरी बोलत होत्या. बेल वाजली. तैयबा ओट्यापासून हलेपर्यंत यूनुस उठला होता. टोपी सारखी करून तो बाहेरच्या खोलीत गेला, आणि दार त्यानेच उघडलं.