ऊणोदरीचे उंदीर

हेमांगीच्या पोटात दुखत होतं ते जिनलमुळे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही उगाच तिला बिचारी म्हणाल.

धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात दोघी एकाच सरांकडे पीएचडी करत होत्या. जन्मतःच किडनीत पाण्याच्या गाठी होणारे उंदीर सरांनी मिळवले होते. औषध न देता निव्वळ खुराक बदलून त्या गाठींची वाढ थांबते का, ते बघायचं होतं. हेमांगीनं जवस निवडलं. दळायचं, खुराकात कालवायचं, गोळ्या वळून वाळवायच्या. तीन वर्षं तिच्या ओढणीला जवसाचाच वास येत होता. दोंडाईचाला तिचे वडील याच दुखण्यानं गेले होते, आणि धाकट्या नवलच्या सोनोग्राफीत त्याच गाठी दिसल्या होत्या. भावाला वाचवायचं तर आपल्याच हातानं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आणि ही जिनल! जळगावच्या कापडवाल्यांची मुलगी, येऊन वर्षही झालं नव्हतं. तिची आजी झमकूबाई रोज दोन घास भूक ठेवूनच पानावरून उठायची. जैनांत त्याला ऊणोदरी म्हणतात. जिनल सरांना म्हणाली, खुराक तोच ठेवू, फक्त पाव हिस्सा कमी देऊ. ना दळण, ना कांडण! पहिल्या तुकडीत तिच्या उंदरांच्या किडन्या जवसवाल्यांपेक्षा चांगल्या निघाल्या. सरांनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. हेमांगीही हसून टाळ्या वाजवत होती आणि आतून नुसती धुमसत होती.

पण खरी मिरची झोंबली ती नवलमुळे. बहिणीला भेटायला तो कॉलेजात आला आणि तासभर जिनलशीच बोलत बसला. जिनलनं त्याला बजावलं होतं की हे अजून उंदरांपुरतंच आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. पठ्ठ्या डॉक्टरांना विचारूनही आला आणि एक भाकरी कमी खायला लागला. हेमांगीनं डबा भरून धाडलेली जवसाची चटणी फडताळात तशीच पडून राहिली. सख्खा भाऊ, आणि ऐकतो कुणाचं, तर त्या जळगाववालीचं! रागानं तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग दुसरी तुकडी आली. आता हिच्यावरच काय ते ठरणार होतं. शनिवार-रविवार जिनल घरी जायची आणि जाताना आपले पिंजरे विश्वासानं हेमांगीवर सोपवायची. पहिल्याच शनिवारी ते उंदीर जाळीला नाक लावून उभे राहिले. शेतकऱ्याघरची पोर ही. दारचं कुत्रंसुद्धा उपाशी ठेवायची रीत नव्हती तिच्याकडे. तिनं मूठभर खुराक जास्त टाकला. दया आली, असं तिनं स्वतःला सांगितलं. अहो, कसली दया? दर शनिवारी-रविवारी बरोबर जिनलच्याच पिंजऱ्यापाशी येणारी दया असते का कुठे? सोमवारी वजनं थोडी जास्त भरायची. जिनल वजनकाट्याला दोष द्यायची आणि हेमांगी मान डोलवायची.

दोन महिन्यांनी किडन्या काढून तपासल्या. जिनलच्या उंदरांत गाठी जवळपास साध्या खुराकावरच्या उंदरांइतक्याच होत्या. जवस पुढे गेलं. पहिल्या वेळी योगायोग झाला असावा, असं म्हणून सरांनी जिनलचा प्रयोग तिथंच बंद केला. जिनलनं डोळे पुसले आणि हेमांगीचं मनापासून अभिनंदन केलं. हेमांगीला इतका आनंद झाला की तिनं पेढे घेतले आणि थेट दोंडाईचाची एसटी धरली.

नवलनं सगळं ऐकून घेतलं. पेढा खाल्ला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतके दिवस पोरगं भूक मारत होतं, ते आता कुठे तिच्या लक्षात आलं. त्यानं ताट पुढे सरकवलं.

"मंग आते पोटभर खाऊ का, अक्का?"

हेमांगीच्या हातात भाकरी होती. ती तिच्यानं वाढवेना. तिचा आनंद जागच्या जागी विरला. शेवटी ती कशीबशी म्हणाली, नको, होतं तसंच चालू ठेव. त्यानं का म्हणून विचारलं. तिनं सांगितलं. खाली बघत, एकही शनिवार न वगळता सांगितलं.

नवलनं ताट बाजूला सारलं, तिचा फोन उचलून तिच्या हातात दिला आणि अंगणात निघून गेला.

जिनलनं लगेच फोन घेतला. हेमांगी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "नवल कसा आहे गं? माझं ऐकून बिचारा विनाकारण उपाशी राहिला. त्याला सांग, माझं चुकलं."

"तुझं नाही चुकलं, जिनल," हेमांगी म्हणाली. "तुझ्या उंदरांना मी खायला घालत होते."