कानाची घडी

पाचवा तंबू परत आला तेव्हा छापीलरावांनी तो लगेच उघडला नाही. टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, उठून दार लावून घेतलं आणि मग पिशवीची नाडी सोडली. घडीवर हात फिरवून चाचपलं. मधोमध वाटीएवढा जो उंचवटा हाताला लागायला हवा, तो लागला नाही. कंदील नव्हता. त्यांनी घडी बाहेर काढून तिच्या टोकाकडे पाहिलं. तिथे कान होता. आधीच्या चारही तंबूंना होता, अगदी तसाच.

छापीलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यातल्या बायकांनी ते ठेवलं, कारण त्यांचं बोलणंही छापल्यासारखं, आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर जे पत्रक जातं ते लिहिणारे तेच. कारखाना घडीच्या वस्तूंचा. खुर्च्या, टेबलं, खाटा, मासे पकडायला बसायची बुटकी स्टुलं, चार तुकडे होऊन पिशवीत मावणारी काठी, आणि दोन माणसांचा तंबू. वस्तू उघडावी कशी, मिटावी कशी, बोट कुठे ठेवू नये, हे छापीलराव एकोणीस वर्षं लिहीत आणि चित्रं काढून दाखवत आले होते. ते कोणी वाचत असेल यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. लोक खुर्ची उघडतात, बोट चेमटवून घेतात आणि पत्रक डुगडुगणाऱ्या कपाटाखाली सरकवतात, असं त्यांचं मत होतं.

परत आलेला माल तपासणं हे त्यांचं दुसरं काम. त्यात मात्र त्यांचा शब्द शेवटचा.

त्या तंबूबरोबर एक घडीचा कंदील द्यायची पद्धत होती. दाबला की भाकरीसारखा चपटा, ओढला की उभा. पॅकिंगवाली बाई तो तंबूच्या पोटात ठेवून वरून घडी घालत असे, म्हणजे प्रवासात धक्का लागत नाही. घडी पूर्ण उलगडल्याशिवाय तो निघत नाही. आणि पाचही तंबू पाठवणाऱ्या दुकानदाराने पाचही वेळा एकच लिहिलं होतं: हाताला कंदील लागत नाही, म्हणून घडी न मोडता तसाच परत पाठवत आहे, बदलून द्यावा.

"म्हणजे इथूनच कंदिलाशिवाय गेले," मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "पॅकिंगला सहा जणी आहेत. तुम्ही म्हणे घडीवरून हात ओळखता."

"थोडाफार," छापीलराव म्हणाले.

"थोडाफार नको. शनिवारपर्यंत नाव द्या. मला आरडाओरडा नको, चौकशी नको. नाव द्या, मी तिला घरी पाठवते."

नाव त्यांना तिथेच ठाऊक होतं. सहा जणींच्या सहा तऱ्हा. एक जण गादीसारखी वळकटी करते, एक पत्रासारखी तिहेरी घडी घालते, एकीची घडी नेहमी एका बाजूला लठ्ठ. पण शेवटचा पदर गुंडाळण्याआधी कापडाचा एक कोपरा आत मुडपायचा, पुस्तकाच्या पानाचा मुडपतात तसा, हे फक्त एकीच्या हाताला ठाऊक. त्या मुडपलेल्या कोपऱ्याला ती कान म्हणे. कान धरला की घडी शहाण्यासारखी वागते, हे तिचंच वाक्य. अकरा वर्षांपूर्वी तंबूचं पत्रक करायचं ठरलं तेव्हा छापीलराव दोन दिवस तिच्या समोर बसून तिच्या हातांची चित्रं काढत होते.

ती त्यांची वहिनी होती. थोरल्या भावाची बायको. तिघं एकाच घरात राहत. बावीस वर्षं ती त्या कारखान्यात होती आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दादाला छातीच्या दुखण्यामुळे काम सोडून चार वर्षं झाली होती. तिला घरी पाठवलं तर त्या घराचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मंगळवारपासून छापीलराव घरात चोरासारखे वागू लागले. कोणी पाहिलं असतं तर चोर तेच वाटले असते. घर म्हणजे कारखान्याचा धाकटा भाऊ. जी वस्तू जराशी बिघडून विक्रीबाहेर पडे, ती त्यांच्याकडे येई. जेवायचं टेबल भिंतीतून खाली उतरे आणि एका बाजूने किंचित कललेलं असल्यामुळे आमटीची वाटी हळूहळू छापीलरावांकडे चालत येई. वहिनी ते टेबल उघडताना, खुर्च्या मिटताना, कपडे वाळत घालायची घडीची दांडी पसरताना ते डोळे बारीक करून तिचे हात पाहू लागले. हात नेहमीचेच होते. त्यामुळे संशय कमी व्हायचा तो वाढला. एवढं करूनही हात नेहमीसारखे राहतात म्हणजे माणूस किती पोचलेलं असेल.

बुधवारी ती अर्धा तास उशिरा आली. हातात कापडी पिशवी होती. ती तिने स्वयंपाकघरात नेली नाही. पाहुण्यांसाठीची घडीची खाट भिंतीला उभी होती, तिच्यामागे ती सरकवली आणि पदराने हात पुसत बाहेर आली.

"काय आणलंत, वहिनी?" छापीलरावांनी विचारलं.

"काही नाही. कापड."

"कसलं?"

"भावजी, तुम्ही कधीपासून कापडात लक्ष घालायला लागलात?"

दादा घडीचा पट उघडून सोंगट्या मांडत होता. तो म्हणाला, "बस रे. काल तुझा उंट तीनदा चुकीच्या घरात गेला. असा उंट मी आयुष्यात पाहिला नाही."

छापीलराव बसले. चार खेळ्या झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी हल्ली उशिरा येतात का?"

"माझ्या बायकोवर मी पाळत ठेवत नाही, तू कशाला ठेवतोस? वजीर सांभाळ."

वजीर गेला.

शुक्रवारी संध्याकाळी दादा आणि वहिनी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा छापीलरावांनी खाट बाजूला केली. आपण हे करतो आहोत याची त्यांना इतकी लाज वाटत होती की घरात कोणी नसतानाही ते खाकरले. पिशवीत वर खरंच कापड होतं. कापडाखाली तीन कंदील होते. चपटे, नवेकोरे, एकावर एक. त्यांच्या बुडाला कारखान्याचा शिक्का. आणि तो कंदील कारखाना कधीच सुटा विकत नसे.

त्यांनी पिशवी होती तशी ठेवली, खाट होती तशी लावली आणि खुर्चीवर बसले. म्हणजे खरं होतं तर. पाचातले तीन इथे होते. दोन कुठे असतील? की आधीही कंदील गेले असतील, अन् ते तंबू परत आलेच नसतील?

शनिवारी सकाळी कारखान्याचा जिना चढताना त्यांनी ठरवलं, सांगायचं. मग दुसऱ्या मजल्यावर, जिथून उजवीकडे बाईंची खोली आणि डावीकडे पॅकिंग, तिथे त्यांचे पाय थांबले. स्वतःच्या कुठल्याच खात्रीवर त्यांचा कधी पुरता भरवसा नसे, आणि आज तरी त्यांना तो हवा होता. एकदा शेवटचं पाहून घ्यावं, म्हणून ते डावीकडे वळले.

पॅकिंगच्या दालनात ते सहसा जात नसत. सहा बायका एकदम हसल्या की त्यांना आपल्या सदऱ्याचं बटण उघडं आहे असं वाटे.

"अगंबाई, छापीलराव," पहिल्या टेबलावरची ठेंगणी बाई म्हणाली. "बसायला काय देऊ? खुर्ची उघडता येते ना तुम्हाला? पत्रक आणू?"

सगळ्या हसल्या. वहिनी हसली नाही. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. तिच्या समोर पिशव्यांचा ढीग होता, म्हणून छापीलराव तिच्या मागे, खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

तिने तंबू अंथरला. लेबलची बाजू स्वतःकडे घेतली, अक्षरं सुलटी. कंदील मधे ठेवला. दाबून पाहिला. दोन्ही कडा आत घेतल्या, तळहातांनी दाबून हवा काढली, आणि शेवटचा पदर उचलण्याआधी कोपरा मुडपला. कान झाला. लेबलच्या डाव्या अंगाला.

खाली छापीलरावांच्या खोलीत पडलेल्या पाचही तंबूंचा कान लेबलच्या उजव्या अंगाला होता. म्हणजे तिला सुगावा लागला. कोणीतरी सांगितलं आणि तिने घडी बदलली.

"वहिनी," ते म्हणाले, "कान... तुम्ही कान इकडे कधीपासून घालता?"

"म्हणजे?"

"आधी उजवीकडे होता."

हे ऐकून ठेंगणीने हातातला पट्टा खाली ठेवला. "उजवीकडे तुमच्या पत्रकात आहे, छापीलराव. अकरा वर्षं आहे. नवा गठ्ठा छापून आला की आम्ही सगळ्या एकदा बघतो आणि हसतो. बावीस वर्षांत हिचा कान डावीकडचा हलला नाही."

"पत्रकात?"

"तुम्ही समोर बसला होतात ना," वहिनी म्हणाली. "माझं डावं ते तुमचं उजवं. तेवढं असतं तर चाललं असतं. पण तुमच्या बाजूने लेबल उलटं दिसत होतं. उलटी अक्षरं छापली तर बरं दिसणार नाही म्हणून तुम्ही तेवढं लेबल सुलटं काढलंत. मग कान गेला दुसरीकडे."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आठ दिवस धड जेवला नसतात. घडी तर दोन्ही बाजूंनी बसते. कशाला उगाच."

छापीलरावांनी तिच्या टेबलावरची ती घडी उचलून कान पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, जरा खाली येता?"

खालच्या खोलीत त्यांनी पाचही तंबू ओळीने मांडले. लेबल सुलटं, कान उजवीकडे. पाचही. पॅकिंगमधल्या एकाही बाईने पत्रक पाहून कधी घडी घातली नव्हती. अशी घडी फक्त तोच घालणार, ज्याने कंदील काढायला तंबू पूर्ण उलगडला, आणि मग हातात पत्रक धरून पहिल्या चित्रापासून नवव्या चित्रापर्यंत एकेक पायरी नीट पाळली.

"दुकानदार," वहिनी म्हणाली.

"अं?"

"कंदील त्याच्याच दुकानात होते. मंगळवारी बायका कंदिलांबद्दल आणि त्या दुकानाबद्दल कुजबुजत होत्या, म्हणून बुधवारी वाट वाकडी करून गेले. काचेत तीन कंदील मांडलेले, सुटे. तिन्ही घेतले मी. परत आलेला माल एकट्या तुमच्या हातातून जातो, भावजी. मला वाटलं, तुम्हीच काढून त्याला विकता. दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडायला नकोत म्हणून उचलले."

"मी?"

"गेल्या महिन्यात दोन पुस्तकं घेतलीत. जाडी. म्हटलं, पैसे कुठून आले."

छापीलरावांना बसावंसं वाटलं. त्यांनी एक नमुन्याची खुर्ची ओढली, ती अर्धवटच उघडली, आणि ते बसता बसता सावरले.

"ती जुनी होती," ते म्हणाले. "रद्दीतली."

"आता कळलं."

दोघं वर गेले. छापीलरावांनी बाईंना सगळं सांगितलं, लेबलची चूकही. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बाईंनी दोन तंबू मागवले, एक परत आलेला आणि एक वहिनीच्या टेबलावरचा, आणि शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

"तुमचं पत्रक अकरा वर्षं चुकीचं आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

"वाचलं तर तक्रार करतील," छापीलराव म्हणाले.

बाईंनी फोन उचलला आणि आवाज एकदम साखरेसारखा केला. "नमस्कार. अहो, ते तुमचे पाच तंबू आले. घडी काय सुरेख घातलीय, अगदी चित्रातल्यासारखी. कुठे शिकलात?" पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग बरंच काही आलं. बाई ऐकत होत्या आणि पेन्सिलीने टेबलावर टकटक करत होत्या. त्यांनी मानेनेच दोघांना जायला सांगितलं.

संध्याकाळी दोघं बरोबरच निघाले. रस्त्याला दुकानं मिटायच्या आधीची गडबड होती. छापीलरावांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि ती त्यांना स्वतःलाच बरी वाटत नव्हती: एकोणीस वर्षांत त्यांचं लिहिलेलं एका माणसाने शब्दन्‌शब्द वाचलं, आणि तो हा दुकानदार निघाला. हे वहिनीला सांगावं, ती हसेल, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात तीच बोलली.

"एक विचारू? बाईंनी तुमच्याकडे नाव मागितलं होतं ना?"

"हो."

"माझं देणार होतात?"

छे, असं म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आला होता. तिने तीन कंदील विकत घेऊन खाटेमागे लपवले होते, तेही त्यांना चोर समजून.

"आज सकाळी जिना चढताना ठरलं होतं," ते म्हणाले. "वर आल्यावर पाय बाईंकडे वळले नाहीत. पण ठरलं होतं."

ती चालत राहिली. पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी दोघं थांबले. गाड्या जात होत्या.

"कसं सांगणार होतात? माझी वहिनी म्हणून, की नावानिशी?"

"नावानिशी. पूर्ण नाव. एकदा मनात म्हणून पाहिलं होतं."

"पूर्ण नाव," ती म्हणाली. "माझं पूर्ण नाव गेल्या कित्येक वर्षांत कोणी घेतलं नाही."

ती रागावली होती की नाही, हे त्यांना कळेना. तिच्या चेहऱ्याकडे पाहायचा धीर होईना.

"दादाला सांगणार?"

"नाही. त्यांना हसू येईल. मला आलं नाही."

गाड्या थांबल्या आणि ती रस्ता ओलांडू लागली. छापीलराव दोन पावलं मागे राहिले. तिने वळून पाहिलं नाही, पण पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर चाल थोडी हळू केली.