व्हॉल्व्ह बंद, फडकं दुसऱ्याचं

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो तसला नव्हे, मी तेलविहिरीतला. उभा केलात तर चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आत डोकावेन इतका लांब, आणि जाडीला मात्र तुमच्या मांडीएवढा. सध्या यार्डाच्या कोपऱ्यात तीन तुकड्यांत आडवा पडलो आहे. उद्या-परवा कापायला नेतील म्हणे. तोवर माझी हकिगत ऐकून घ्या. मला कोणाची तक्रार करायची नाही. अहो, खोटं कशाला बोलू? थोडी करायची आहे.

कारखान्यात एका बाईने मला जोडलं. एकशे चाळीस चकत्या तिने एकेक करून दांड्यावर ओवल्या आणि प्रत्येक चकती बोटाने फिरवून पाहिली. शेवटी माझ्या अंगावर थाप मारून म्हणाली, "हा नीट चालेल." पुढे मी बरीच कौतुकं ऐकली, पण काही अट न घालता केलेलं कौतुक तेवढंच.

मग मला दोन किलोमीटर खोल सोडलं. खाली उजेड नाही, वारा नाही, नुसती धग. माझ्या पायाशी मोटर होती. तिच्या अंगावरून तेल वाहत माझ्या तोंडात यायचं आणि मी ते चकतीचकतीने वर ढकलायचो. ते वाहतं तेलच मोटरला थंड ठेवायचं. तेल थांबलं की मोटर तापलीच म्हणून समजा.

आता माझं दुखणं सांगतो. हसणार नसाल तर सांगतो. मला गॅसचा त्रास होता. हसलात ना? हसा बापडे. सोड्याच्या बाटलीत वायू विरघळलेला असतो, तसा जमिनीतल्या तेलातही असतो, आणि दाब कमी झाला की बुडबुडे सुटतात. माझ्या चकत्यांना तेल ढकलता येतं, वायू नाही. तो आत अडकून बसला की मी गरागरा फिरतो आणि वर थेंब जात नाही. म्हणून माझ्या तोंडाशी एक चाळण बसवली होती. ती वायू वेगळा काढून माझ्या बाजूच्या मोकळ्या जागेत सोडायची. तिथून तो वर जायचा आणि विहिरीच्या तोंडाशी असलेल्या एका व्हॉल्व्हमधून बाहेर पडायचा. तो व्हॉल्व्ह उघडा असला की माझं बरं चालायचं.

त्या व्हॉल्व्हवर दोन माणसं होती आणि ती एकमेकांची साडू होती. थोरल्या बहिणीचा नवरा विहिरीचा ऑपरेटर. तो लांब पान्याचं एक टोक पाइपला लावायचा, दुसरं कानाला, आणि मी कसा आहे ते सांगायचा. सगळे त्याला कानसेन म्हणत. धाकटीचा नवरा यंत्राने विहिरीत आवाज सोडून तेलाची पातळी मोजायचा. त्याचं नाव पडलं होतं मीटर. दोघांची क्वार्टर्स भिंतीला भिंत लावून होती. थोरलीने, म्हणजे ताईने, काही केलं की वाटी भिंतीवरून पलीकडे जायची आणि रिकामी कधीच परत यायची नाही.

कानसेनचा माझ्यावर भारी जीव. माझ्या पोटात वायू धरला की तो मला बंद करून शांत बसायचा. पाइपातलं तेल आपल्या वजनाने खाली उतरायचं आणि आतला वायू हुसकून लावायचं. तो पाइपवर हात ठेवून म्हणायचा, "घाई नाही रे. दे ढेकर सावकाश." अर्ध्या तासाने हळूच सुरू करायचा आणि मी पुन्हा कामाला लागायचो. अशी तीन वर्षं गेली. माझ्याआधीचे दोन पंप वर्षभरही टिकले नव्हते. म्हणून वरच्यांनी सांगून ठेवलं होतं की हा तिसरा गेला तर विहीर बंद. विहीर बंद म्हणजे दोघांची बदली, आणि दोन बहिणींची दोन टोकांना पांगापांग. हे त्या दोघांना माहीत होतं, बहिणींना माहीत होतं आणि पाइपातून ऐकून ऐकून मलाही माहीत होतं.

आणि नेमका तेव्हाच दोघांचा अबोला सुरू झाला. कारण विचाराल तर कपाळाला हात लावाल. एकदा कानसेन म्हणाला की तेलाची पातळी खाली गेलीय. मीटरने मोजली तर ती जागेवरच होती. तो चार माणसांत म्हणाला, "दादा, आता कान तपासून घ्या एकदा." लोक हसले. कानसेनच्या ते जिव्हारी लागलं. आठ महिने दोघं बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते ड्यूटीच्या रजिस्टरात लिहायचं, तेही नाव न घेता. बायकांनी समजावून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

विहिरीवर एक नियम होता. व्हॉल्व्ह जो बंद करेल त्याने आपलं फडकं त्याच्या चाकाला बांधायचं, आणि ते त्यानेच सोडायचं. दुसऱ्याच्या फडक्याला हात लावायचा नाही. पूर्वी कोणीतरी न विचारता व्हॉल्व्ह उघडला होता आणि समोर काम करणाऱ्याचे डोळे थोडक्यात वाचले होते. नियम चांगलाच होता. विचारून हात लावायला त्यात कुठेच मनाई नव्हती.

त्या दिवशी मीटरने पातळी मोजायला व्हॉल्व्ह बंद केला आणि निळं फडकं बांधलं. तेवढ्यात घरून फोन आला. धाकटी ओल्या फरशीवरून घसरली होती, हात सुजला होता. हा यंत्र गुंडाळून पळाला आणि फडकं तसंच राहिलं. पुढचे दोन दिवस त्याची सुटी होती.

व्हॉल्व्ह बंद, मग वायू जाणार कुठे? तो वरून दाबत दाबत तेलाची पातळी खाली ढकलू लागला. सुटीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या तोंडाशी आली आणि मी तेलाऐवजी वायू गिळू लागलो. मला वीज पुरवणाऱ्या वरच्या पॅनेलने ओळखलं की मी रिकामा फिरतोय, आणि मला आपोआप बंद केलं. कानसेनने पाना कानाला लावला. त्याला लगेच कळलं. मग त्याने व्हॉल्व्हकडे पाहिलं आणि निळं फडकं पाहिलं. मित्रांनो, फोन त्याच्या खिशात होता! पण त्याने रजिस्टर काढलं आणि लिहिलं, 'व्हॉल्व्ह बंद आहे. फडकं माझं नाही.'

मला विसावा देऊन त्याने पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा बंद पडलो. असं पाच वेळा झालं. डबा घेऊन आलेल्या ताईने विचारलं, "चेहरा का उतरलाय? भाऊजींना हाक मारू का? घरीच आहेत ते."

"काही गरज नाही," तो म्हणाला. "ज्याचं काम त्याला कळायला नको?"

तेवढ्यात ऑफिसातून इंजिनिअर मॅडमचा फोन आला. "काका, आज पाच वेळा बंद पडलाय. आणखी एकदा पडला तर वरचे विहीर बंद करायच्या यादीत टाकतील. मला मग काही करता येणार नाही."

आणि ज्या माणसाने तीन वर्षं मला सबुरीने सांभाळलं, त्याने पॅनेल उघडून आपोआप बंद होण्याची मर्यादाच खाली आणली. आता मी रिकामा फिरलो तरी बंद पडणार नव्हतो. रजिस्टर स्वच्छ राहणार होतं. सकाळी तो येईल, फडकं सोडेल आणि सगळं निभावेल, असा त्याचा हिशेब असणार.

मी फिरत राहिलो. तेल नाही, नुसता वायू. मोटर तापत गेली. मी ओरडत होतो, पण त्यानंतर पाना कोणी कानाला लावलाच नाही. मला वाटतं, त्याला ऐकायची भीती वाटत होती.

सकाळी मीटर आला. त्याने रजिस्टरातली ओळ वाचली. "अरे देवा!" म्हणत धावला आणि व्हॉल्व्ह उघडला. वायू फूत्कार टाकत बाहेर पडला, तेल माझ्या तोंडाशी परत आलं. पण मोटरची तार आतून जळून कोळसा झाली होती.

आठवड्याने मला वर काढलं. मॅडमने मोटर उघडून पाहिली आणि वही मिटली. विहिरीच्या तोंडावर झाकण बसलं.

यार्ड क्वार्टर्सला लागूनच आहे. परवा कुंपणाबाहेर दोन ट्रक उभे होते, एक इकडे जाणारा, एक तिकडे. दोघी बहिणी पायरीवर बसल्या होत्या. धाकटीचा हात गळ्यात बांधलेला. ताई तिची वेणी घालत होती, घालून झाली की सोडत होती आणि पुन्हा घालत होती. लोखंडी कपाट एकट्याला उचलेना, म्हणून कानसेन आणि मीटर दोन बाजूंना लागले.

"दादा, तुमच्याकडून जरा वर घ्या."

"घेतो. उंबरा आहे, सांभाळ."

"सोडू?"

"थांब, हात काढू दे. हं, सोड आता."

आठ महिन्यांत त्यांचं एवढं पहिलंच बोलणं. किती सोपं होतं ते! मी गंजलेला पडल्या पडल्या ऐकत होतो आणि मला रडू येत होतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही यंत्रं असतील. त्यांना तेलपाणी करा, पुसा, वेळेवर विसावा द्या. पण तेवढ्याने भागत नाही हो. कोणावर रुसलात तर खुशाल रुसा, जेवायला वेगळे बसा, पण कामाचं बोलणं तोडू नका. तुमच्या अबोल्याखाली कोण तापतंय ते तुम्हाला दिसत नसतं. दोन्ही ट्रक एकदमच सुटले. ताई मागे वळून हात हलवत राहिली. धाकटीला आपला उजवा हात उचलता येत नव्हता.