फुटाण्यांची डबी

दारव्ह्याच्या त्या गल्लीत वैष्णवीसारखी शहाणी पोरगी दुसरी नव्हती. म्हणजे आता नव्हती. लहानपणी हीच पोरगी पिठाच्या चक्कीचा आवाज आला की कान दाबून रस्त्यात लोळायची, आणि तेव्हा हेच गल्लीतले लोक तिच्या आईला, दीपाला, सांगायचे, बाहेरचं काहीतरी आहे, उतरवून आण. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

ते बाहेरचं काही नव्हतं, पोरगी स्वमग्न होती. यवतमाळच्या सुनीती मॅडमनी ते दीपाला समजावून सांगितलं आणि अशा मुलांना कसं शिकवतात तेही दाखवलं. दर शनिवारी मायलेकी जीपनं जायच्या. मॅडम एक गोष्ट शिकवायच्या आणि आठवडाभर दीपा तीच घरी घोटून घ्यायची. सांगितलेलं केलं की लगेच एक फुटाणा. सुरुवातीला वैष्णवी हात झटकायची, तोंड फिरवायची. मॅडम म्हणाल्या, तिकडे लक्ष द्यायचं नाही, आपण सोडायचं नाही, मग हट्ट सुटतो. आणि खरंच सुटला.

चौदाव्या वर्षी पोरगी अशी तयार झाली की ‘ये’ म्हटलं की यायची, ‘बस’ म्हटलं की मांडीवर हात ठेवून बसायची, ‘दे’ म्हटलं की हातातलं द्यायची. फुटाण्यांची पत्र्याची डबी दीपाच्या हातात कायम. नवरा प्रफुल्ल चेष्टा करायचा, "मले बी देत जाय एखांदा. मी बी तं ऐकतो तुयं." दीपा हसायची. पाहुण्यांपुढे पोरीला उठवून-बसवून दाखवायची. गर्व झाला होता तिला, आणि कोणत्या आईला झाला नसता?

मग तो बाजाराचा दिवस आला. दीपा सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीसाठी भाजीवालीशी घासाघीस करत होती, वैष्णवी मागे उभी होती. जुडी पिशवीत टाकून वळली, तर पोरगी नाही.

बाजार पालथा घातला. प्रफुल्ल दुकान टाकून आला, पोलिसांना सांगून झालं. चौदा वर्षांची पोरगी, दिसायला गोरीगोमटी, आणि नाव विचारलं तर नाव न सांगणारी. दीपाच्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिण्यासारखं नाही.

दिवेलागणीला प्रेमसिंग नावाचा एक जीपवाला तिला घेऊन आला. अड्ड्यावर विचारत विचारत त्यानं घर काढलं होतं.

"ताई, मी यवतमाळच्या सीटा भरून राह्यलो होतो," तो दारातूनच म्हणाला. "‘चल, बस लवकर’ म्हटलं, तं हे बसली. मले वाटलं, असंन कोणासंगं. लोहाऱ्यापासून एकेक उतरत गेले, शेवटी हे एकटीच. उतर म्हटलं तं उतरली. चहा दिला, पी म्हटलं, तं उकळता चहा तसाच पिऊन गेली. फुकला बी नाही."

वैष्णवीचा खालचा ओठ लाल होऊन सुजला होता.

"रागावू नका ताई," प्रेमसिंग आवाज खाली करून म्हणाला, "पर मी होतो म्हणून बरं. हे कोणी बी बस म्हटलं तं बसते."

दीपानं पोरीला पोटाशी धरलं, ओरडली, रडली.  वैष्णवीनं हात पुढे केला, तळवा वर करून. दिवसभर ज्यानं जे सांगितलं ते तिनं केलं होतं, आणि एकही फुटाणा मिळाला नव्हता.

शनिवारी सुनीती मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. 

"चूक माझी आहे, दीपाताई," त्या म्हणाल्या. "आपण तिला ऐकायला शिकवलं. नाही म्हणायला शिकवलंच नाही. येत होतं तेवढंही पुसून टाकलं."

दीपाला भांडायचं होतं. घरून तशी तयारीच करून आली होती. पण तोंडून निघालं ते भलतंच. "फुटाणे तं मीच चारले न, मॅडम."

त्या दिवसापासून उलटा धडा सुरू झाला. पोरीनं हात झटकला, मान फिरवली, नको म्हटलं, की तिथेच थांबायचं आणि फुटाणा द्यायचा. सांगायला सोपं होतं. दीपानं कच्च्या कारल्याची फोड तिच्या तोंडाशी नेली. "नको म्हण, वैशू. नको." वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंड कसनुसं झालं, आणि तिनं फोड चावून गिळली. दीपा मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. पावसाळा गेला, शिवारातला कापूस फुटला, तरी पोरगी दिलं ते खात होती आणि बोलावलं तिथे जात होती. बाजारात दीपा आता तिचं मनगट सोडत नसे. पण आपल्यामागे हे मनगट कोण धरणार, हा विचार काही तिला सोडत नव्हता.

दिवसभराच्या या झटापटीत एकच वेळ दीपाची आपली होती. संध्याकाळी ‘बस’ म्हणून पोरीला पुढ्यात घेऊन ती तिच्या डोक्याला तेल लावायची. तेव्हा शिकवणं नाही, डबी नाही. पोरगी शांत बसायची, आणि दीपाला वाटायचं, हिला नीट बोलता येत नसलं तरी आईचा हात कळतो. लहानपणापासून एक दिवस तिनं हे चुकवलं नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी तिनं तेलाची बोटं केसांत घातली आणि वैष्णवीनं तिचा हात धरून बाजूला केला.

"नको."

दीपाला आधी आनंदच झाला. मग तिला कळलं. इतकी वर्षं पोरगी शांत बसत होती ती फक्त बस म्हटल्यामुळे. तिला हे कधीच आवडलं नव्हतं. दीपाचा हात आपसूक पुन्हा केसांकडे गेला, आज एवढं एकदाच म्हणून. तो तिनं अर्ध्यात मागे घेतला.

डबी फळीवर होती. तेलकट बोटांनी झाकण निघेना, तिनं ते पदरात धरून उघडलं आणि एक फुटाणा पोरीच्या तळव्यावर ठेवला. वैष्णवीनं तो खाल्ला, मोकळ्या केसांनीच उठली आणि आईपासून लांब, भिंतीशी जाऊन बसली. तिला ‘बस’ कोणी म्हटलं नव्हतं.