गोणीत बांधलेला स्टार्टर

मित्रांनो, आधी एक गोष्ट कान देऊन ऐका: मी बिघडलेलो नाही! मी एक जुना स्टार्टर आहे. चावी फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देऊन जागं करते ती मोटर, म्हणजे मी. सध्या शिरूरच्या एका भंगारवाल्याच्या आवारात, तोंड बांधलेल्या गोणीत पडून आहे. वर एक फुटका रेडिएटर, खाली गंजके नटबोल्ट. कुशीवर वळायचीही सोय नाही.

कारखान्यातून निघालो तो भांडगावच्या झुंबरबाईंच्या जीपला लागलो. एकोणीस वर्षं त्यांच्या मळ्यातला झेंडू बाजाराला पोचवला. थंडीत बाकीच्यांच्या गाड्या खोकत बसायच्या, आमची जीप एका चावीत चालू! "माझा स्टार्टर लई गुणाचा," असं बाई चारचौघांत सांगायच्या. लोखंडाचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची आणि गाड्यांची पूजा होते. यंदा बाईंना भारीच हुरूप आला. आदल्या दिवशी बॉनेट उघडून त्यांनी चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आतूनसुद्धा निळा ऑइलपेंट फासला. बॅटरीची अर्थिंगची जाड वायर चेसिसला आवळलेली असते, तो बोल्ट सोडून त्याखालीही रंग मारला आणि वाळल्यावर वायर परत आवळली. आता रंगातून कधी पुरेशी वीज जाते होय? दिवे मिणमिणले, पण पूजा करून चावी फिरवली तर माझ्या तोंडून नुसतं 'कट'.

गाडीत दसऱ्याचा झेंडू खचाखच भरलेला. मळ्यातल्या चौघींनी धक्का मारून जीप चालू केली आणि बाई थेट रोहिदास मिस्त्रीच्या गॅरेजवर आल्या.

"रोहिदास, बाजारात बंद पडली तर ढकलाया कोण हाय तिथं? आत्ताच्या आत्ता बघ. फुलं सुकली तर समदं कष्ट मातीत."

रोहिदासने ते 'कट' ऐकलं आणि निकाल दिला, "स्टार्टर गेला, मावशी."

अहो, मला काढून थेट बॅटरीला लावलं असतं, तर दोन मिनिटांत खरं-खोटं झालं असतं. पण दारात पूजेच्या गाड्यांची रांग! त्याने माझ्या वायरी सोडल्या, मला भंगाराच्या गोणीत टाकलं आणि सुतळीने तोंड आवळलं. मी काय ओरडणार? वीज नसली की आम्ही मुके. इतका जीव गुदमरला म्हणून सांगू!

बाहेर नवा स्टार्टर बसला. बॅटरीची जाड वायर मोठ्या बोल्टला, चावीची बारीक वायर छोट्या टोकाला. रोहिदासने चावी फिरवली. 'कट.'

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अगं बया, ह्यो बी मेला व्हय?" बाई ओरडल्या.

रोहिदास एकेक वायर चाचपत चेसिसपाशी आला. "मावशी, हितं रंग कुणी मारला?"

"म्या मारला. का, चांगला दिसत न्हाई?"

त्याने कानशीने रंग खरवडला, वायर आवळली आणि चावी फिरवली. इंजिन धडधडलं.

"म्हंजी माझा जुना चांगला होता?" बाईंनी विचारलं.

"व्हय मावशी. मीच तपासला न्हाई. पण आता परत काढ-घाल करायची तर तास जाईल, आन् फुलं..."

बाई गोणीपाशी आल्या. त्यांचा हात बारदानावरून माझ्यावर टेकला. "चूक माझी, आन् शिक्षा तुला," त्या म्हणाल्या. "रोहिदास, ह्याला बाजूला काढून ठेव. उद्या न्यायला येते."

"ठेवतो," तो म्हणाला. पण रांगेतल्या पुढच्या गाडीने हॉर्न दिला आणि तो तिकडे धावला. भंगारवाल्याचा टेम्पो संध्याकाळीच आला. बाई आल्या की नाही, मला कधीच कळलं नाही.

मित्रांनो, एक मागणं आहे. घरातली एखादी वस्तू बंद पडली, तर तिला टाकाऊ ठरवण्याआधी दोन मिनिटं द्या. दोष तिचाच आहे का, एवढं बघा. बोलता येत नाही म्हणून ती गुन्हेगार होत नाही.

हे सांगेपर्यंत आमची गोणी उचलून ट्रकवर टाकलीसुद्धा. ट्रक लोखंड वितळवायच्या भट्टीला चाललाय. ड्रायव्हरने आत्ताच चावी फिरवली आणि एका हिसक्यात इंजिन जागं झालं. स्टार्टर चांगला आहे हो त्याचा. जपा म्हणावं त्याला.