चाळीसच्या आत

दवाखान्याच्या तळघराकडे उतरताना अण्णांनी सातव्या पायरीवर उजवा पाय टेकवला, थांबले, मग डावा आणला. मागून कुंदाने छत्रीचं टोक त्यांच्या पाठीला टोचलं.

"अण्णा, वरात निघाली काय? चलो ना!"

"चाललो तर आहे."

दोन वर्षांपूर्वी अण्णांना रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा या धाकट्या बहिणीच्या मूळपेशी त्यांना दिल्या होत्या. रक्त नवं झालं, गटसुद्धा कुंदाचा आला. औषधांच्या माऱ्यात हृदय मात्र थकलं. आज तळघरात त्याची तपासणी होती. जोर वाढला नसेल, तर त्यांच्या रांझी वस्तीच्या रस्त्यावर अण्णांची सायकल पुन्हा दिसायची नव्हती.

डॉक्टर दीप्ती यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हृदयाचं पंपिंग पंचेचाळीस टक्क्यांवरच अडकलंय. रोज भरभर चालायला सांगितलं होतं ना?"

"चालतो जी. हळू."

"हळू काहून?" कुंदा कडाडली.

अण्णा शर्टाचं एकच बटण पुन्हापुन्हा लावत राहिले.

"आमच्या ट्रकच्या कारखान्यात नवं इंजिन बसवलं की पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या आत चालवायचं. छत्तीस वर्षं ड्रायव्हरांवर हेच ओरडलो. आणि माल हिचा आहे. जपून वापरून राहिलो."

डॉक्टरांनी हसू लपवायला मान वळवली. कुंदाने पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"इंजिन जुनंच आहे तुझं. मी नुसतं ऑइल दिलं. तेही चालवायला, गॅरेजात ठेवायला नाही!"

"बोलता येईल इतकं भरभर चाला," डॉक्टर म्हणाल्या. "सायकलचं तीन महिन्यांनी बघू."

अण्णा जिना चढू लागले. या वेळी एका पायरीवर एकच पाय. चढताना ते कारखान्यातल्या साहेबांची नक्कल करून कुंदाला हसवत होते. वर पोचून त्यांनी हाक दिली,

"कुंदे, वरात कुठे अडली?"

उत्तर नाही. कुंदा आणि उत्तर नाही, असं अठ्ठावन्न वर्षांत झालं नव्हतं. ती नवव्या पायरीवर कठडा धरून उभी होती. हसत होती, पण तोंडाने श्वास घेत.

अण्णांनी क्षणभर तिच्या धापेला कान दिला. मग भरभर खाली आले आणि तिच्या हातातली छत्री घेतली.

"चल परत. तुझाही नंबर लावू."

"मला... काय... धाड भरलीय?"

"काही नाही. माल जिथून आला, तो कारखानाही एकदा तपासावा."

छत्रीचं टोक त्यांनी अलगद तिच्या पाठीला लावलं.

"चलो ना."